जावातली वेब सर्व्हिस एचटीटीपीऐवजी मेसेज क्यूवर कशी चालवायची

सोप (एक्सएमएल निरोपांची देवाणघेवाण करायचा ठराविक साचा) वापरणारी वेब सर्व्हिस म्हटली की डोळ्यांसमोर एचटीटीपीचाच पत्ता येतो. प्रत्यक्षात सोपला निरोप कोणत्या वाटेने जातो याच्याशी देणंघेणं नाही. तोच एक्सएमएल निरोप, तोच इंटरफेस, तीच अंमलबजावणी ठेवून मधली वाट तेवढी बदलता येते आणि एचटीटीपीच्या जागी मेसेज क्यू (निरोपांची रांग) बसवता येते. जावामध्ये हे काम जेएमएसच्या (जावा मेसेज सर्व्हिस, म्हणजे क्यूशी बोलायचा जावाचा एपीआय) आधाराने होतं. कॉन्फिगरेशन म्हणाल तर मोजक्या ओळींचं आहे. मात्र वाट बदलली की उत्तराची वाट किती वेळ पाहायची, फसलेला निरोप कुठे जाणार आणि एकच निरोप दोनदा आला तर काय करायचं, हे प्रश्न नव्याने उभे राहतात. नवखी मंडळी पत्ता बदलून थांबतात आणि या प्रश्नांची गाठ थेट प्रॉडक्शनमध्ये पडते. म्हणून या लेखात पत्त्याला जितकी जागा दिली आहे, त्याहून जास्त त्या प्रश्नांना दिली आहे.

उदाहरणासाठी अपाचे सीएक्सएफ (वेब सर्व्हिस बनवायची जावा लायब्ररी) आणि अपाचे ॲक्टिव्हएमक्यू (निरोपांच्या क्यू सांभाळणारा प्रोग्रॅम) ही जोडी घेतली आहे. दोन्ही मुक्त स्रोत आहेत आणि आपल्या लॅपटॉपवर सहज चालतात. क्लास, प्रॉपर्टी आणि पत्ते इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. फाइलमध्ये टाकताना त्यांचं मूळ रोमन स्पेलिंगच वापरा, लहान-मोठ्या अक्षरांसकट.

आधी ठरवा: क्यू खरंच हवी आहे का?

एचटीटीपीवर कॉल करताना दोन्ही बाजू एकाच वेळी जाग्या असाव्या लागतात. सर्व्हर रीस्टार्ट होत असेल तर क्लायंटला लगेच एरर मिळते. क्यू मध्ये आली की क्लायंट आपला निरोप ब्रोकरकडे, म्हणजे क्यू सांभाळणाऱ्या मधल्या प्रोग्रॅमकडे, सोपवतो आणि सर्व्हर त्याच्या सोयीने तो उचलतो. अचानक भार वाढला तर निरोप क्यूमध्ये साचतात, सर्व्हर कोलमडत नाही. ऑर्डर नोंदवणं, रात्रीचे हिशेब दुसऱ्या सिस्टिमला पाठवणं, बिलं तयार करायला सांगणं अशा कामांना ही पद्धत फार चांगली.

याउलट माणूस स्क्रीनसमोर उत्तराची वाट बघत बसला असेल तर एचटीटीपीच ठेवा. क्यूवरूनही विनंती-उत्तर करता येतं, पण मध्ये एक ब्रोकर आणि बहुधा दोन क्यू वाढतात, आणि त्या बदल्यात त्या माणसाच्या पदरात काहीच पडत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. जेएमएस हा जावाचा एपीआय आहे, तारेवरून जाणारा प्रोटोकॉल नाही. त्यामुळे क्लायंट आणि सर्व्हर दोघांकडेही वापरात असलेल्या ब्रोकरशी बोलणारी क्लायंट लायब्ररी असावी लागते. ‘दोन्हीकडे जेएमएस आहे, मग जुळेलच’ हा समज चुकीचा आहे.

पायरी १: आवृत्त्यांची जोडी जुळवा

इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. जकार्ता ईई ९ पासून, म्हणजे २०२० साली, पॅकेजच्या नावातलं ‘जावाएक्स’ जाऊन ‘जकार्ता’ आलं. त्यामुळे जावाएक्स डॉट जेएमएसमधली कनेक्शनफॅक्टरी आणि जकार्ता डॉट जेएमएसमधली कनेक्शनफॅक्टरी हे जावाच्या लेखी दोन वेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले टाइप आहेत. नाव तेच दिसतं, कंपायलर मात्र ऐकत नाही. आणि कंपायलरच्या नजरेतून निसटलं तर रनटाइमला ‘क्लास सापडत नाही’ अशी एरर येते.

सीएक्सएफ ३ जावाएक्सच्या दुनियेतलं आहे, त्याच्याबरोबर ॲक्टिव्हएमक्यू ५ चा नेहमीचा क्लायंट घ्या. सीएक्सएफ ४ जकार्ताच्या दुनियेतलं, त्याच्याबरोबर ॲक्टिव्हएमक्यू ६ घ्या. या जोडीला जावा १७ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. नवं काम सुरू करत असाल तर दुसरी जोडीच निवडा. जावा ११ पासून जेडीकेमधून जॅक्स-डब्ल्यूएस (सोप सर्व्हिससाठीचा जावाचा एपीआय) काढून टाकलेलं आहे, त्यामुळे ते डिपेंडन्सी म्हणून आणावंच लागतं. सीएक्सएफ घेतलं की ते सोबत येतं.

पायरी २: ब्रोकर सुरू करा

ॲक्टिव्हएमक्यू उतरवून घ्या, उघडा आणि त्याच्या बिन फोल्डरमधली ‘ॲक्टिव्हएमक्यू’ ही स्क्रिप्ट ‘स्टार्ट’ या शब्दासह चालवा. क्लायंट ६१६१६ या पोर्टवर बोलतात, आणि ब्राउझरमधला कन्सोल ८१६१ वर मिळतो. युझरनेम आणि पासवर्ड सुरुवातीला दोन्ही ‘ॲडमिन’ असतात. मशीन स्वतःचं असेल तर सरावापुरतं चालेल, सर्व्हरवर बसवताना पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं.

कन्सोलमधला ‘क्यूज’ हा भाग उघडून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीला तो लागणार आहे.

पायरी ३: डिपेंडन्सी जोडा

मेव्हनच्या पॉम फाइलमध्ये तीन गोष्टी हव्यात: सीएक्सएफचा जॅक्स-डब्ल्यूएस फ्रंटएंड, सीएक्सएफचा जेएमएस ट्रान्सपोर्ट आणि ॲक्टिव्हएमक्यूचा क्लायंट. सीएक्सएफच्या दोन्ही जारची आवृत्ती एकच ठेवा.

जेएमएस ट्रान्सपोर्टचा जार विसरला तर मिळणारी एरर नवख्याला गोंधळात टाकते. सर्व्हरच्या बाजूला ‘नो डेस्टिनेशनफॅक्टरी वॉज फाउंड’ असं दिसतं, क्लायंटच्या बाजूला ‘कुड नॉट फाइंड कंड्युट इनिशिएटर’ असं. दोन्हींचा अर्थ एकच: हा पत्ता कोणत्या वाटेचा आहे ते सीएक्सएफला कळलेलं नाही. अशा वेळी पत्ता पुन्हापुन्हा तपासत बसण्याआधी जार क्लासपाथवर आहे का ते बघा. सगळे जार एकत्र करून एकच मोठा जार बनवत असाल तर ही एरर हमखास भेटते, कारण सीएक्सएफच्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये मेटा-इन्फ फोल्डरात एकाच नावाची नोंदणी फाइल असते आणि बिल्डमध्ये एक फाइल दुसरीवर चढते. त्या फाइली एकत्र जोडल्या जातील अशी सोय बिल्डमध्ये करावी लागते.

पायरी ४: सर्व्हिस लिहा आणि आधी एचटीटीपीवर चालवून बघा

समजा ‘ऑर्डरसेवा’ नावाचा इंटरफेस आहे. त्यात दोन मेथड: ‘ऑर्डरनोंदवा’ आणि ‘स्थितीसांगा’. इंटरफेसवर वेबसर्व्हिस हे ॲनोटेशन लावा. पहिल्या मेथडला उत्तराची गरज नाही, म्हणून तिच्यावर ‘वनवे’ हे ॲनोटेशन लावा. वनवे मेथड काहीही परत करू शकत नाही आणि तिला चेक्ड एक्सेप्शन जाहीर करता येत नाही. दुसरी मेथड नेहमीची, विनंती-उत्तराची.

कोणत्या मेथड वनवे करता येतील याचा विचार इथे जितका नीट कराल तितका पुढचा त्रास कमी. क्यूचा खरा फायदा वनवेमध्ये आहे. मेथडला उत्तर हवंच आहे की केवळ सवयीने एक बूलियन परत करतोय, हे स्वतःला विचारा. ‘मिळालं’ एवढंच कळवणारं उत्तर क्यूवर निरुपयोगी आहे, कारण निरोप मिळाल्याची पोच ब्रोकर देतोच.

मग ही सर्व्हिस एकदा साध्या एचटीटीपीवर चालवून बघा. त्यासाठी सीएक्सएफचा जेट्टीवाला ट्रान्सपोर्ट तात्पुरता जोडा. एक्सएमएलमध्ये काही खोट असेल तर ती इथेच कळेल, आणि क्यूवर गेल्यावर दोष कोणाचा हे शोधत बसावं लागणार नाही.

पायरी ५: पत्ता समजून घ्या

जेएमएसच्या पत्त्याचं व्याकरण आरएफसी ६१६७ मध्ये ठरलेलं आहे, ते २०११ चं. त्याच पत्त्यावरून सोप निरोप कसा पाठवायचा याची शिफारस डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. सीएक्सएफ या दोन्हींना धरून चालतं.

पत्त्याचा सांगाडा असा असतो:

जेएमएस:प्रकार:क्यूचं-नाव?प्रॉपर्टी=किंमत&प्रॉपर्टी=किंमत

प्रकाराच्या जागी ‘जेएनडीआय’, ‘क्यू’ किंवा ‘टॉपिक’ (एकच निरोप अनेकांना देणारी वाहिनी) येतं. जेएनडीआय लिहिलं तर पुढचं नाव ॲप्लिकेशन सर्व्हरच्या नामावलीत शोधलं जातं. क्यू लिहिलं तर ते नाव ब्रोकरमधल्या क्यूचं खरं नाव मानलं जातं.

इंटरनेटवरच्या बहुतेक नमुन्यांत जेएनडीआयचा लांबलचक पत्ता दिसतो. त्यात तीन गोष्टी कोंबलेल्या असतात: इनिशियल कॉन्टेक्स्ट फॅक्टरीच्या क्लासचं पूर्ण नाव, कनेक्शन फॅक्टरीचं नाव आणि ब्रोकरची यूआरएल. त्यातला ‘डायनॅमिकक्यूज’ हा तुकडा ॲक्टिव्हएमक्यूची स्वतःची सोय आहे. दुसऱ्या ब्रोकरवर तो चालेल असं धरून चालू नका. ॲप्लिकेशन सर्व्हरमध्ये जेएनडीआय आधीच मांडून ठेवलेलं असेल तर ही वाट ठीक. नाहीतर माझं स्पष्ट मत आहे की ती टाळावी. एक अक्षर चुकलं तरी एरर भलतीकडे बोट दाखवते, आणि ब्रोकरची माहिती पत्त्यात अडकून पडते.

त्यापेक्षा कनेक्शन फॅक्टरी जावा कोडमध्ये तयार करा आणि सीएक्सएफच्या ‘कनेक्शनफॅक्टरीफीचर’ या क्लासमधून एंडपॉइंटला (सर्व्हिस जिथे ऐकते त्या टोकाला) द्या. मग पत्ता एवढाच उरतो:

जेएमएस:क्यू:ऑर्डर.विनंती?मेसेजटाइप=टेक्स्ट

मेसेजटाइप टेक्स्ट ठेवला की कन्सोलमध्ये निरोप उघडून वाचता येतो. नाही ठेवला तर सीएक्सएफ बाइट्सचा निरोप पाठवतं आणि डीबग करताना तो वाचायला त्रास होतो. निरोपासोबत फाइली जोडायच्या असतील तर मात्र बाइट्सच योग्य.

स्प्रिंगच्या एक्सएमएल फाइलमध्ये पत्ता लिहिणार असाल तर दोन प्रॉपर्टींमधलं ‘&’ हे चिन्ह तसंच टाकून चालत नाही. एक्सएमएलच्या नियमाने त्याच्यापुढे ‘एएमपी’ ही तीन अक्षरं आणि अर्धविराम जोडावा लागतो. जावा कोडमध्ये मात्र साधं ‘&’च हवं. एका ठिकाणचा पत्ता दुसरीकडे चिकटवताना हा फरक नेहमी निसटतो.

पायरी ६: सर्व्हरचा एंडपॉइंट उभा करा

कोडचा क्रम असा. आधी ॲक्टिव्हएमक्यूकनेक्शनफॅक्टरीचं ऑब्जेक्ट बनवा आणि त्याला ‘टीसीपी://लोकलहोस्ट:६१६१६’ ही यूआरएल द्या. मग सीएक्सएफचा एंडपॉइंटइम्पल घ्या आणि त्याला आपल्या अंमलबजावणीचं ऑब्जेक्ट द्या. त्याच्या फीचर्सच्या यादीत कनेक्शनफॅक्टरीफीचर टाका, आणि शेवटी पब्लिश ही मेथड वरच्या पत्त्यासह बोलवा. फीचर पब्लिशच्या आधीच जोडलं गेलं पाहिजे, नंतर जोडून उपयोग नाही.

प्रोग्रॅम चालू झाल्यावर कन्सोल बघा. ‘ऑर्डर.विनंती’ नावाची क्यू दिसायला हवी आणि तिच्या कन्झ्युमरच्या (निरोप उचलणाऱ्यांच्या) रकान्यात १ आकडा. तो ० असेल तर एंडपॉइंट ऐकतच नाहीये. पुढे जाऊ नका, आधी लॉग वाचा.

एकाच वेळी जास्त निरोप हाताळायचे असतील तर पत्त्यात ‘कॉन्करंटकन्झ्युमर्स’ ही प्रॉपर्टी वाढवा, मुळात ती १ असते. पण एकापेक्षा जास्त कन्झ्युमर झाले की निरोप आले त्याच क्रमाने पूर्ण होतील याची खात्री राहत नाही. ‘ऑर्डर नोंदवा’ आणि लगोलग ‘ऑर्डर रद्द करा’ अशी जोडी असेल तर रद्द आधी पोहोचू शकतं. क्रम महत्त्वाचा असेल तर १ वरच थांबा.

पायरी ७: क्लायंट लिहा

क्लायंटसाठी जॅक्सडब्ल्यूएसप्रॉक्सीफॅक्टरीबीन वापरा. त्याला इंटरफेसचा क्लास, सर्व्हरचाच पत्ता आणि तेच कनेक्शनफॅक्टरीफीचर द्या, आणि क्रिएट बोलवा. मिळालेल्या प्रॉक्सीवर (सर्व्हिसच्या वतीने कॉल घेणाऱ्या ऑब्जेक्टवर) मेथड बोलवताना मध्ये क्यू आहे हे कोडला कळतही नाही.

प्रॉक्सी एकदाच बनवून ठेवा. प्रत्येक कॉलला नवी बनवली तर ब्रोकरवर कनेक्शनं वाढत जातात आणि एक दिवस ब्रोकर नवी घ्यायचं बंद करतो. काम संपल्यावर प्रॉक्सी क्लोजेबलमध्ये कास्ट करून बंद करा.

आता उत्तराचा प्रश्न. ‘स्थितीसांगा’ बोलवल्यावर उत्तर कोणत्या क्यूवर येणार? काहीच सांगितलं नाही तर सीएक्सएफ तात्पुरती क्यू बनवतं. ती त्या क्लायंटच्या कनेक्शनपुरतीच जगते. कनेक्शन तुटलं की क्यू गेली आणि तिच्यातलं उत्तरही गेलं. बहुतेक कामांना हे पुरतं. उत्तरासाठी नाव दिलेली क्यू हवी असेल तर ‘रिप्लायटूनेम’ ही प्रॉपर्टी द्या. अशा सामाईक क्यूवर आपलं उत्तर कोणतं हे ओळखायला कोरिलेशन आयडी लागतो. सीएक्सएफ त्यात क्लायंटची खूण घालतं आणि फक्त ती खूण असलेली उत्तरं उचलतं. पलीकडचा सर्व्हर सीएक्सएफचा नसेल तर तो विनंतीतला कोरिलेशन आयडी जशाच्या तसा परत देतो की नाही, हे आधी तपासा. नाही दिला तर उत्तर क्यूमध्ये पडून राहील आणि क्लायंट टाइमआउटपर्यंत ताटकळत बसेल.

पायरी ८: दोन मुदती एकमेकींशी जुळवा

क्यूवरच्या वेब सर्व्हिसमध्ये दोन वेगवेगळी घड्याळं चालतात. ‘रिसीव्हटाइमआउट’ म्हणजे क्लायंट उत्तराची वाट किती वेळ बघणार. सीएक्सएफमध्ये तो मुळात ६०,००० मिलिसेकंद, म्हणजे एक मिनिट. ‘टाइमटूलिव्ह’ म्हणजे निरोप क्यूमध्ये किती वेळ जिवंत राहणार. तो मुळात ०, आणि ० चा अर्थ कधीच न मरणारा.

आता हे चित्र बघा. सर्व्हर दहा मिनिटं बंद आहे. क्लायंट ‘स्थितीसांगा’ बोलवतो, एक मिनिट थांबतो, एक्सेप्शन घेतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. असं दहा वेळा. सर्व्हर उठतो तेव्हा क्यूमध्ये दहा विनंत्या असतात आणि तो इमानदारीने सगळ्यांना उत्तरं देतो, जी घ्यायला आता कोणीही नाही. मेथड फक्त वाचणारी असेल तर नुसता भार वाया जातो. पण तिने डेटाबेसमध्ये काही लिहिलं असतं तर? एचटीटीपीवर सर्व्हर बंद असता तर कनेक्शनच झालं नसतं आणि एकही विनंती मागे राहिली नसती. क्यूवर क्लायंटने हात टेकले तरी त्याचा निरोप मागे जिवंत राहतो.

उपाय सरळ आहे. विनंती-उत्तराच्या मेथडसाठी टाइमटूलिव्ह हा रिसीव्हटाइमआउटइतका किंवा किंचित कमी ठेवा. वनवे मेथडसाठी तो ० असू द्या, कारण तिथे निरोप टिकून राहणं हाच तर हेतू आहे. दोन्ही प्रकारच्या मेथड एकाच पत्त्यावर असतील तर हे साधत नाही, म्हणून मी नेहमी दोन वेगळे इंटरफेस आणि दोन वेगळ्या क्यू करायला सुचवतो.

मुदत मिलिसेकंदांत ठरते आणि ती पाठवणाऱ्याच्या घड्याळावर मोजली जाते. क्लायंटच्या मशीनचं घड्याळ ब्रोकरच्या मागे असेल आणि मुदत त्या फरकाहून कमी असेल, तर निरोप पोहोचतानाच मेलेला असतो. ‘निरोप पाठवला, एरर नाही, पण सर्व्हरला काहीच मिळालं नाही’ अशी तक्रार आली तर मशीनची घड्याळं आधी ताडून पाहा.

पायरी ९: फसलेल्या निरोपाची व्यवस्था

विनंती-उत्तरात सर्व्हरवर एक्सेप्शन आलं तर ते सोप फॉल्ट (एररचा सोप निरोप) बनून उत्तराच्या क्यूवरून क्लायंटला जातं. ब्रोकरच्या दृष्टीने काम झालं. वनवेमध्ये मात्र फॉल्ट ऐकायला कोणीच नसतं. डेटाबेस दोन सेकंद बंद होता म्हणून ऑर्डर हवेत विरून जाऊ नये, यासाठी सर्व्हरच्या पत्त्यात ‘सेशनट्रान्झॅक्टेड=ट्रू’ लावा. मग रनटाइम एक्सेप्शन आल्यावर निरोप क्यूवर परत जातो आणि पुन्हा दिला जातो.

ॲक्टिव्हएमक्यू मुळात असा निरोप ६ वेळा पुन्हा देऊन बघतं. त्यानंतर तो ‘ॲक्टिव्हएमक्यू.डीएलक्यू’ या मृत निरोपांच्या क्यूमध्ये टाकला जातो. मुदत संपलेले टिकाऊ निरोपही मुळात तिथेच जातात. ही क्यू रोज बघणारं कोणीतरी असायला हवं, किंवा तिच्यात निरोप पडला की सूचना जाईल अशी सोय हवी. कितीतरी सिस्टिममध्ये ही क्यू महिनोन्‌महिने भरत राहते आणि हरवलेली ऑर्डर ग्राहकाच्या फोनवरून कळते. हे टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

पुन्हा देण्याचा दुसरा अर्थ असा की तोच निरोप दोनदा पोहोचू शकतो. काम झालं, पण पोच देण्याआधी सर्व्हर पडला, की ब्रोकर निरोप पुन्हा देणारच. म्हणून प्रत्येक ऑर्डरला क्लायंटकडूनच एक अनन्य क्रमांक द्या, डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन घाला, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर शांतपणे यशस्वी समजा. ‘ब्रोकर सांभाळून घेईल’ असं मानून हे काम पुढे ढकलू नका.

पायरी १०: मुद्दाम बिघडवून तपासा

सगळं सुरळीत असताना चाललं याने काही सिद्ध होत नाही. सर्व्हर बंद करा, क्लायंटमधून ‘ऑर्डरनोंदवा’ बोलवा. कन्सोलमध्ये थकबाकीचा, म्हणजे उचलायच्या राहिलेल्या निरोपांचा, आकडा १ झाला पाहिजे. त्या निरोपावर क्लिक करा: आत सोपचा लिफाफा दिसेल, आणि प्रॉपर्टींमध्ये ‘सोपजेएमएस’ने सुरू होणारी नावं, जसं की बाइंडिंगव्हर्जन, कंटेंटटाइप, रिक्वेस्टयूआरआय. ही प्रॉपर्टी बघायची सवय लावा. दुसऱ्या कंपनीची सिस्टिम आपला निरोप नाकारत असेल तर कारण बहुधा इथेच सापडतं.

आता सर्व्हर सुरू करा. आकडा ० व्हायला हवा आणि ऑर्डर नोंदलेली दिसायला हवी. मग अंमलबजावणीत मुद्दाम रनटाइम एक्सेप्शन फेका आणि निरोप मृत क्यूमध्ये पोहोचतो का ते डोळ्यांनी बघा. नंतर ब्रोकरच बंद करून पुन्हा सुरू करा आणि सर्व्हरचा कन्झ्युमर आपोआप परत जोडला जातो का ते पाहा. जोडला जात नसेल तर ब्रोकरच्या यूआरएलभोवती ‘फेलओव्हर:’ हा वेढा घाला. ॲक्टिव्हएमक्यूचा क्लायंट मग स्वतःच पुन्हा जोडणी करत राहतो.

पायरी ११: करार आणि सुरक्षा

एचटीटीपीवर पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि ‘डब्ल्यूएसडीएल’ लिहिलं की करार, म्हणजे सर्व्हिसचं वर्णन करणारी एक्सएमएल फाइल, मिळतो. क्यूवर असं काही मागता येत नाही. त्यामुळे डब्ल्यूएसडीएल फाइल वेगळी द्यावी लागते. तिच्यात सोप बाइंडिंगच्या ट्रान्सपोर्ट या ॲट्रिब्यूटमध्ये डब्ल्यूथ्रीसीच्या सोप-जेएमएस शिफारशीतला नेमस्पेस असला पाहिजे. जुन्या एचटीटीपीच्या डब्ल्यूएसडीएलमधला पत्ता तेवढा बदलून बाइंडिंग तसंच ठेवणं ही नेहमीची गफलत आहे.

सुरक्षेचा हिशेबही पुन्हा मांडावा लागतो. एचटीटीपीसमोर बसवलेला गेटवे, बेसिक ऑथेंटिकेशन, आयपीची बंधनं, यांतलं काहीही क्यूवर लागू होत नाही. ब्रोकरवर प्रत्येक ॲप्लिकेशनसाठी वेगळा युझर ठेवा आणि कोण कोणत्या क्यूवर लिहील, कोण वाचेल हे बांधून द्या. तात्पुरत्या क्यू बनवायची परवानगी क्लायंटच्या युझरला द्यायला विसरू नका, नाहीतर विनंती जाते आणि उत्तराची क्यूच बनत नाही. वाटेवर टीएलएस (एन्क्रिप्ट केलेली जोडणी) लावा. निरोप क्यूमध्ये पडून असतानाही कोणी वाचू नये अशी गरज असेल तर डब्ल्यूएस-सिक्युरिटीने तो निरोपच एन्क्रिप्ट करा, कारण टीएलएस फक्त प्रवासापुरतं असतं.

आणि जेएमएसचा पत्ता कधीही बाहेरून आलेल्या माहितीतून बनवू नका. जेएनडीआयच्या पत्त्यात परकी यूआरएल घुसवून सर्व्हरवर भलताच कोड चालवता येतो, अशी उदाहरणं घडली आहेत. पत्ता आपल्याच कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ठेवा, पासवर्ड त्या पत्त्याच्या बाहेर ठेवा, आणि सीएक्सएफच्या सुरक्षा दुरुस्त्या निघाल्या की आवृत्ती वेळेवर वाढवा.